राजीनाम्याचं कारण

जयपूर, १० ऑगस्ट २०२५

ताई,

सप्रेम जयभीम.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, तू सांगितलं होतंस तसं. पाकिटामागे माझं नाव नाही. 'माजी विद्यार्थिनी, जयपूर' एवढंच लिहिलंय. शिपायाने विचारलं तर सांग, आठवीतली एक मुलगी होती, वडील मिलिटरीत, बदली झाली. तू फोनवर मला ब्लॉक केलंस याचा राग नाही. स्वप्नील दाजी तुझा फोन हातात घेतात, तुझ्या सासूबाईही घेतात, आणि त्या घरात मी अजून हॉस्टेलवर राहून शिकणारी बहीण आहे. तुझ्या लग्नाच्या वेळी मी दवाखान्यात होते, मंडपात सगळ्यांना 'परीक्षा आहे' सांगितलं. एकदा परीक्षा सांगितली की ती चालूच ठेवावी लागते.

पण चांगली बातमी आहे आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मला नोकरी लागली. इथेच जयपुरात, झालान्याला, पाणी तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे, तिथे जूनपासून जाते. सध्या शिकाऊ म्हणून आहे. काम जमलं तर पक्की करतील.

हस आता. जिने एकोणिसाव्या वर्षी, पाण्यात कोणी विष कालवतंय म्हणून, क्वार्टरची अख्खी टाकी रस्त्यावर सोडून दिली, आणि तेही जयपूरच्या मे महिन्यात, तिला आता पाणी तपासायचा पगार मिळतो. हे मी घरात बोलून दाखवलं. बाबा हसले, जरा उशिरा. आई उठून आत गेली.

आजाराचं नाव आपल्या घरात अजून कोणी घेत नाही. आई 'तब्येत' म्हणते, बाबा 'प्रॉब्लेम' म्हणतात. रेल्वेच्या दवाखान्याच्या पुस्तकात स्किझोफ्रेनिया लिहिलंय. मी तोच शब्द वापरते, म्हणजे बोलणं लवकर संपतं.

आवाज अजून आहे. गोळ्यांनी तो लांब गेलाय, गेलेला नाही. तो कसा आहे हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. स्टेशनवर गाडीची घोषणा होते ना, तसा. हिंदीत बोलतो. 'गौतमी अब सीढ़ी चढ़ रही है. गौतमी अब बोतल उठा रही है.' रागावत नाही, शिव्या देत नाही, मी करते ते सांगत राहतो. जन्म रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेला की वेडही रेल्वेचंच लागतं. आमच्या डॉक्टरांना हा विनोद फार आवडला होता.

मी कसं निभावते सांगू? काही दिसलं किंवा ऐकू आलं की आधी बाकीच्यांची तोंडं बघते. मागच्या आठवड्यात संध्याकाळी प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर बिबट्या बसलेला दिसला. जंगल लागूनच आहे, पण मी काही बोलले नाही. शांतपणे बाटल्यांवर नंबर टाकत राहिले. मग गार्ड ओरडला, 'मैडम, अंदर! बघेरा!' तेव्हा कुठे मी पळाले. दर्शन, माझ्याबरोबर काम करतो तो, अजून सगळ्यांना सांगतो की गौतमी मैडम बिबट्यालाही भीत नाहीत.

बीएस्सी, एमएस्सी मिळून दोन वर्षं वाया गेली. सकाळी डोकं ओल्या पोत्यासारखं असायचं, आठच्या तासाला पोचायचेच नाही. इथे दहाला यायचं असतं. पिपेट धरताना हात थोडा थरथरतो, म्हणून कोपर टेबलावर टेकवते. दर्शन म्हणतो, 'मैडम, आपने मेज को पकड़ रखा है या मेज ने आपको?' मी म्हणते, दोनों. इथे कोणाला काही माहीत नाही.

बाबा तीस नोव्हेंबरला रिटायर होतात. क्वार्टर सोडावं लागेल. मुरलीपुऱ्यात दोन खोल्या बघितल्यात.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

तुझी,
गौतमी


जयपूर, २४ ऑगस्ट २०२५

ताई,

उत्तर नाही आलं तरी चालेल असं लिहिलं होतं, पण आता नाही चालणार.

आनंदराव काका आठवतात? आपल्या अकोल्याकडचे, रेल्वेच्या पर्सनल ब्रांचमधून रिटायर झालेले. अजून रोज ऑफिसात जाऊन चहा पिऊन येतात आणि कॉलनीत सगळ्यांचे पेन्शनचे कागद तेच लावून देतात. परवा ते बाबांचे कागद बघायला आले. चष्मा पुसला, कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "उत्तमराव, पोरीचं काय?"

नियम असा आहे. तू बाहेरची नाहीस, पण तू रेल्वे कॉलनीतून बाहेर पडलीस म्हणून सांगते. आईबाबांच्या माघारी मोठ्या मुलांना पेन्शन मिळत नाही. पण मुलाला असा आजार असेल की ते स्वतःचं पोट भरू शकत नाही, तर त्याला ती जन्मभर मिळते. त्यासाठी सरकारी डॉक्टरांच्या बोर्डाने तसं लिहून द्यायचं. बाबा नोकरीत असतानाच माझं नाव चढलं तर पुढे कटकट राहत नाही.

बाबा म्हणाले, "पण ते कमावते न आता."

"कच्ची नोकरी आहे. हातात पाकीट मिळते. कोणाले माहीत?"

मी म्हटलं, "पक्की होणार आहे काका."

"मग कशी मिळंल पेन्शन? पक्की म्हणजे पगार बँकेत, पीएफ कापल्या जाते. कागद बोलतो, बाई. मतलब, एक धर नाहीतर दुसरं."

"मग मी नोकरी धरते."

काका हसले, वाईट हसले नाहीत. म्हणाले, "प्रायव्हेट लॅब. उद्या मालकाचं डोकं फिरलं तं?" आणि मग जीभ चावली. डोकं फिरण्याचं त्यांनी माझ्यासमोर काढलं म्हणून त्यांनाच लाज वाटली. आईने घाईघाईने शेव पुढे केली.

ते गेल्यावर आई बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं. भाजी निवडत, खाली मान घालून म्हणाली, "तुले पुन्हा झालं तं? आमी नसलो तं? कोण नेईन तुले दवाखान्यात? सुवर्णा ठेवीन?"

आम्ही तिघं होतो. कोणीच हो म्हणालं नाही.

ताई, मला ठेव असं मी सांगत नाही. तुझं घर तू कसं सांभाळलंस मला माहीत आहे. आणि आईची भीती खोटी नाही. दोनदा झालंय. तिसऱ्यांदा होणार नाही असं डॉक्टरही म्हणत नाहीत, गोळ्या घेत राहा म्हणतात. मी घेते. एकही चुकवत नाही.

पण मला फक्त एवढं हवंय की आईबाबांनी अजून दोन वर्षं थांबावं. मला करून बघू द्यावं. बाबा माझं ऐकतील असं होत नाही, कारण मी काहीही हट्टाने बोलले की ते आईकडे बघतात, 'सुरू झालं का' अशा नजरेने. हट्ट करायची सोय मला राहिलेली नाही. तू बोललीस तर ते बोलणं असतं.

शाळेतून एक फोन कर. एवढंच सांग, तिला नोकरी करू द्या. बोर्डाची तारीख तेवीस सप्टेंबर आहे.

गौतमी


जयपूर, १४ सप्टेंबर २०२५

ताई,

काल घरी तालीम झाली. दुसरा शब्द नाही. पुढच्या खोलीत आनंदराव काका खुर्चीवर डॉक्टर होऊन बसले, मी समोर स्टुलावर. बाबा दाराशी उभे. आई आतून ऐकत होती.

काका म्हणाले, "नाम?"

"गौतमी उत्तम."

"आज कौनसा दिन है?"

"शनिवार, तेरह सितंबर."

"अवं, इतकं फटकन नाही!" काकांनी कपाळाला हात लावला. "रेल्वेची परीक्षा आहे का? थांबायचं. खाली पाहायचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगजो. आणि घड्याळ काढून ठेव. घड्याळ घातलेला माणूस आजारी वाटत नाही."

"केस?" आतून आईचा आवाज आला.

"वेणी नोको. सुटे पण नोको, सिनेमातल्यासारखं वाटते. असंच बांधून घे."

मला हसू आलं. बाबांनाही आलं. पहिल्यांदाच त्या खोलीत या विषयावर आम्ही सगळे हसलो. मग काका म्हणाले, "हे हसणं नाही चालणार हं तिथं," आणि पुन्हा सगळे हसलो.

ताई, स्टुलावर पाय न हलवता बसायला मला किती दिवस लागले होते तुला माहीत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, पण टक लावून नाही. प्रश्न आला की आधी घोषणा संपू द्यायची आणि मग बोलायचं, आणि मधली जागा लोकांना कळू द्यायची नाही. एमएस्सीपेक्षा हे अवघड होतं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली मी ते रोज करायचे, आरशासमोर करायची भीती वाटायची म्हणून फोटोच्या काचेत बघून. आता त्याच फोटोखाली उलट शिकवणी सुरू आहे. रात्री बाबांनी फोटोवरची धूळ पुसली. रोज पुसतात, तशीच. मला उगीच वाटलं, आज जास्त वेळ पुसतायत.

शुक्रवारी जयंती मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्या प्रयोगशाळेच्या मालक, वयाने आईएवढ्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी काही चुकलं असेल म्हणून गेले. नागौरकडच्या एका गावाच्या हातपंपाचं पाणी होतं, फ्लोराइड फार निघालं होतं. इतकं की मी स्वतःला फसवत नाही ना म्हणून तीनदा तपासलं, चौथ्यांदा दर्शनला करायला लावलं. त्याचाही आकडा तोच.

मॅडम म्हणाल्या, "चार बार क्यों किया?"

"भरोसा नहीं हुआ, मैडम."

"किस पर? मशीन पर?"

मी म्हटलं, "अपने पर."

त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "मेरे यहाँ लोग एक बार करके दो बार लिखते हैं. पहली अक्टूबर से तुम पक्की. रिपोर्ट पर साइन तुम्हारा जाएगा."

रिपोर्टवर माझी सही. गावाच्या लोकांनी त्या पंपाचं पाणी प्यायचं की नाही, त्याखाली माझं नाव. ज्या गोष्टीसाठी आजवर लोक मला घाबरले, प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासणं, कशावर विश्वास न ठेवणं, त्यालाच कोणीतरी काम म्हटलं. मी घरी येऊन सांगितलं. बाबांचा चेहरा आधी फुलला, अगदी एमएस्सीच्या निकालाच्या दिवशीसारखा. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

तुझा फोन आलेला नाही. शाळेत परीक्षा असतील. अजून नऊ दिवस आहेत.

गौतमी


जयपूर, २० सप्टेंबर २०२५

ताई,

तू फोन केलास.

बाबा गच्चीवर जाऊन बोलले. खाली आले तेव्हा मी विचारलं, "ताई काय म्हणाली?" त्यांनी चप्पल काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "रडत होती."

"म्हणाली काय?"

"म्हणाली, करून टाका बाबा. तिची काळजी मिटंल."

कोणाची काळजी ते मी विचारलं नाही.

आणि असंही कळलं की अशा आजारात पेन्शन मुलाच्या हातात देत नाहीत, पालकाच्या हातात देतात, आणि तिथे तुझं नाव टाकायला तू तयार आहेस. कागद शाळेच्या पत्त्यावर यावेत, एवढीच अट. बाबांना या गोष्टीचा फार आनंद झालाय. दोनदा म्हणाले, "पाह्य, ताई आपली आहे." आईने तुझ्यासाठी पापड करायला घेतलेत.

मला तुझा राग यायला हवा होता. आला नाही. तूही रोज त्या घरात घड्याळ घालून, वेणी घालून बसत असशील.

गौतमी


जयपूर, २८ सप्टेंबर २०२५

ताई,

बोर्ड झाला. तुला सगळं सांगते, कारण बाबा सांगणार नाहीत आणि मी इथे दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही.

मी ठरवून गेले होते. आत जायचं आणि खरं सांगायचं. मी काम करते, पक्की होणार आहे, मला आजार आहे आणि नोकरीही आहे. दोन्ही एकदम असू शकतं. हिंदीत वाक्य जुळवून ठेवलं होतं. घड्याळ पर्समध्ये होतं, आत जाताना घालणार होते.

बाबा युनिफॉर्म घालून आले होते. सुट्टी टाकली होती तरी. पांढरा शर्ट, पट्ट्या, बॅज. रांगेत लोक त्यांना उठून जागा देत होते. मी म्हटलं, बाबा, युनिफॉर्म कशाला? म्हणाले, "सरकारी काम आहे."

टेबलामागे तीन डॉक्टर. दोन वयस्क, फायलीत बघणारे. मधे एक तरुण बाई, तीच विचारत होती. नाव विचारलं, सांगितलं. वार विचारला. मी काकांसारखी थांबले नाही, मंगळवार म्हणाले. शिक्षण विचारलं.

"एमएससी. केमिस्ट्री."

तिने मान वर केली. "अच्छा! और क्या करती हो आजकल?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्या मागून बाबा बोलले, "कुछ नहीं साहब. घर पर रहती है."

ताई, तू त्यांना हे बोलताना ऐकलं नाहीस. आपल्या कॉलनीत या माणसाने भाजीवाल्यापासून स्टेशन मास्तरपर्यंत प्रत्येकाला सांगितलंय, माझी मुलगी एमएस्सी करते. मी दवाखान्यात असतानाही सांगायचे. करते म्हणायचे, करत होती नाही. आणि आता ते भिंतीकडे बघून म्हणत होते, कुछ नहीं. आवाज ड्यूटीवरचा होता, गाडी सोडताना सगळं ठीक आहे सांगायला लागतो तो.

डॉक्टर म्हणाली, "मैं इनसे पूछ रही हूँ."

मी मागे वळून बघितलं. बाबांनी टोपी दोन्ही हातांत धरली होती, पोटाशी. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी खरं बोलले असते तर त्या तीन लोकांसमोर, युनिफॉर्ममध्ये, ते खोटे ठरले असते. तीस नोव्हेंबर दोन महिन्यांवर आहे.

मी म्हटलं, "कुछ नहीं."

"आवाज़ें आती हैं?"

"जी."

"अभी आ रही है?"

"जी."

"क्या कह रही है?"

आजवर कोणत्याही डॉक्टरला तो त्या क्षणी काय म्हणतोय ते मी सांगितलेलं नाही. नेहमी 'कुछ ख़ास नहीं' म्हणते. पण मला वाटलं, हाच एक रस्ता राहिलाय. मी म्हटलं, "कह रहा है, गौतमी अब झूठ बोल रही है."

तिने मान डोलावली. खूप मायेने. आणि लिहून घेतलं.

मी वाट बघितली. तिने एवढंच विचारायचं होतं, कौनसा झूठ? वयस्क डॉक्टरांपैकी एकाने शेजारच्याला काहीतरी सांगितलं, त्याने फाईल पलटली. बाहेर पुढचं नाव पुकारलं. बाबांनी माझ्या खांद्याला हात लावला.

रस्त्यात बाबांनी कचोरी घेतली. दोन खाल्ल्या, मला एक. तोंडात घास होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते म्हणत होते, "तिखट केली आज यानं." कचोरी गोडसर होती.

त्या रात्री ते जेवले आणि लगेच झोपले. आई म्हणाली, उन्हाळ्यापासून पहिल्यांदा असे झोपले. दाराशी उभं राहून आम्ही दोघी त्यांचं घोरणं ऐकत होतो. आईने माझा हात धरला होता. मला तिच्यावर ओरडायचं होतं. मी हात सोडवला नाही.

मॅडमकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आहे. घरी अडचण आहे म्हटलं.

गौतमी


जयपूर, १२ ऑक्टोबर २०२५

ताई,

सर्टिफिकेट आलं. 'कायमस्वरूपी' असं आहे त्यात. आनंदराव काकांनी तीन झेरॉक्स काढून तीन ठिकाणी लावल्या. तुझ्याकडेही एक येईल. कॉलनीत काका सांगत फिरतायत, उत्तमरावांनी पोरीची सोय लावली. अगदी लग्न ठरल्यावर म्हणतात तसंच. लोक येऊन बाबांशी हात मिळवून जातात.

शुक्रवारी मी राजीनामा द्यायला गेले.

कारण काय सांगायचं याचा विचार बसमध्ये केला. आजार म्हणावं तर मॅडमना इतके दिवस सांगितलं नव्हतं, आणि मग त्या नागौरच्या पाण्याचा आकडाही पुन्हा कोणी तपासला असता. त्या पंपाला आता लाल रंग लावलाय, लोक तिथलं पाणी पीत नाहीत. माझ्यामुळे कोणी तो रंग खरवडलेला मला नको होता. बाबांचं कारण सांगावं तर सर्टिफिकेट जातं. चांगला पगार मिळाला म्हणावं तर मॅडम वाढवून देतील. काहीही म्हटलं तरी त्या थांबवणार. मला असं कारण हवं होतं की ज्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "मैडम, मेरी शादी तय हो गई है."

त्या खुर्चीतून उठल्या. ही बाई कधी उठत नाही. मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "तो ये थी घर की अड़चन! पगली, डरते-डरते बता रही है."

दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं. दर्शन म्हणाला, "बेचारा लड़का! चार बार चेक करेगी, तब फेरे लेगी." गार्डने बिबट्याची आठवण काढली, म्हणाला, अब सास से भी नहीं डरेगी. मिठाई आली. मालन, आमच्या बाटल्या धुणारी, तिने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

मग विचारायला लागले. मुलगा कुठला? मी काही तयार केलं नव्हतं. म्हटलं, नाशिकचा. काय करतो? बँकेत आहे. नाव? स्वप्नील. घरी कोण? सासूबाई, तारामती नाव, थोड्या कडक आहेत पण मनाने चांगल्या. घर? दुसरा मजला, समोर कडुनिंब, पुढची खोली पिवळी. तू लग्नानंतर पहिल्या वर्षी फोटो पाठवले होतेस त्यातलं सगळं आठवलं. मी बोलत गेले आणि सगळे ऐकत गेले. ताई, मला तुझ्या घरात फार छान वाटलं. तुला न विचारता मी तिथे दुपारभर राहून आले. आवाजसुद्धा थोडा वेळ गप्प होता.

राजीनाम्यावर कारण लिहावं लागतं. तिथे 'विवाह' लिहून सही केली. त्या प्रयोगशाळेत कागदावर माझी पूर्ण सही तेवढीच एक आहे.

निघताना त्यांनी वर्गणी काढून आणलेली चादर दिली. सांगानेरी छापाची, निळी, मोठी, डबल बेडची, दोन उशांच्या खोळींसकट. घरी आणली तेव्हा आईने उलगडली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितली, काही न विचारता घडी घातली आणि मुरलीपुऱ्याला न्यायच्या सामानात ठेवली.

मॅडम मला सोडायला फाटकापर्यंत आल्या होत्या. उन्हात उभ्या राहून त्या माझा हात सोडेनात. म्हणाल्या, "देख, हाथ में हुनर है तेरे. नाशिक में भी लैब होंगी. मैं लिखकर दे दूँगी. घर में मत बैठ जाना. काम तो करने देंगे न तेरे घर वाले?"

मी म्हटलं, "हाँ मैडम, करने देंगे. बहुत अच्छे लोग हैं."

तुझी,
गौतमी